'जिद्द' नावाचा रकाना

आमच्या आयटी कंपन्यांत भरती करताना पर्सनॅलिटी टेस्ट घेतात. 'तुम्ही दबावाखाली शांत राहता का? १ ते ५ पैकी निवडा.' आजकाल खेळाडूंच्याही अशा टेस्ट होतात. मला प्रश्न पडतो, खाशाबा जाधवांनी हा फॉर्म भरला असता तर स्कोअर किती आला असता?

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा. १९४८ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. लाल मातीत वाढलेला गडी आणि तिथं समोर मॅट! चार वर्षांनी हेलसिंकीच्या निवडीत मात्र त्यांना डावललं. मद्रासच्या स्पर्धेत आपला एक गुण मुद्दाम कमी दिला, असं त्यांचं म्हणणं होतं. ते गप्प बसले नाहीत. थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा लढत झाली आणि त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चीतपट केलं. निवड झाली, पण पैसे? गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. मला विचाराल तर भारताच्या ऑलिंपिक इतिहासातलं सगळ्यात भारी स्पोर्ट्स मॅनेजमेंट हेच.

आता हेलसिंकी. जपानच्या शोहाची इशीशी खाशाबांची कुस्ती लांबली, ते थोडक्यात हरले. लगेच सांगितलं, सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोवशी लढा. नियमानं मध्ये अर्धा तास विश्रांती हवी होती. पण हे ठणकावून सांगायला तिथं एकही भारतीय अधिकारी नव्हता. दमलेले खाशाबा उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

पतियाळापर्यंत धडक मारणारा माणूस इथं भांडला का नाही? स्वभाव तर तोच होता ना? वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञानं १९६८च्या पुस्तकात हाच मुद्दा काढला: माणूस कसा वागेल हे नुसत्या स्वभावगुणांवरून ओळखता येत नाही, परिस्थितीही बघावी लागते. देशात दाद मागायला दार तरी होतं. हेलसिंकीत भाषा परकी, सोबत कुणी नाही, आणि पंच नाव पुकारतोय.

म्हणून 'जिद्द' हा शब्द ऐकला की मी जरा सावध होतो. २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरचं कोपर दुसऱ्या प्रयत्नात दुखावलं, तरी तो तिसऱ्यांदा बारखाली गेला. एकूण २४८ किलो. सुवर्ण एका किलोनं हुकलं. आपण सगळ्यांनी 'काय जिद्द!' म्हणून ते व्हिडिओ फॉरवर्ड केले. मॅनेजरच्या नजरेनं बघा, तर तो प्रसंग कोपराच्या दुखापतीचाही आहे.

खाशाबा परतले तेव्हा कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. बक्षीस म्हणून नव्हे, कुस्त्या मारून जमवलेल्या पैशांतून त्यांनी प्राचार्यांचं घर सोडवलं. १९५५ला पोलिसात फौजदार झाले. १९८४ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला २००० साली.