फुंकणीपासून पंख्याच्या शेगडीपर्यंत

आज आम्ही तुमच्याशी वाऱ्याबद्दल बोलणार आहोत. शेतातल्या नव्हे, चुलीतल्या वाऱ्याबद्दल. जाळ पेटवायला लाकूड लागतं तेवढाच वाराही लागतो, आणि तो वारा पिढ्यान्‌पिढ्या बाईच्याच छातीतून आलेला आहे. लोखंडी नळीची ती फुंकणी आठवते ना? पावसाळ्यात ओल्या पऱ्हाट्या फुंकताना डोळ्यांना धार लागायची आणि सासूबाई म्हणायच्या, "जरा जोरानं फुंक गं."

धूर म्हणजे काय, हे आम्हाला उशिरा कळलं. लाकूड तापलं की आधी त्यातून वायू सुटतो. त्याला पुरेशी हवा मिळाली तर तो जळतो, नाही मिळाली तर धूर होऊन घरात पसरतो. म्हणजे धूर हे आपलं न जळलेलं सरपणच. डोक्यावरून मोळी आणायची आणि तिच्यातला वाटा डोळ्यांत घालायचा!

लोहारानं यावर केव्हाच उपाय काढला होता. त्याचा चामड्याचा भाता दाबला की निखारा लाल होतो. पुढं भात्याच्या जागी हातानं फिरवायचा चाकाचा पंखा आला. घिसाड्याच्या पालावर ते चाक फिरवायला अनेकदा बाईच बसलेली दिसते. पण भट्टीला मिळालेला हा पंखा स्वयंपाकघरात यायला फार वर्षं गेली.

चूल सुधारायचे प्रयत्न मात्र जुने आहेत. 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचं काम वर्ध्याच्या मगनवाडीत चालायचं. तिथून मगन चूल पुढं आली, धूर बाहेर नेणाऱ्या धुराड्याची. हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनीही 1950 च्या दशकात बिनधुराच्या चुलीवर काम केलं. तेव्हा आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता.

पुढं 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ या अमेरिकी संशोधकानं भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढच्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो हे मोजलं. त्याच सुमारास, 1983 मध्ये, केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. 2002 मध्ये तो थांबेपर्यंत देशात तीन कोटींहून जास्त चुली बसल्या होत्या. त्यातल्या पुष्कळ लवकरच मोडल्या किंवा बंद पडल्या. धुराडं काजळीनं भरायचं, ते साफ करायला कोणी शिकवलेलं नसायचं. मग आमच्या आयांनी ते धुराडं काढलं आणि पुन्हा फुंकणी हातात घेतली.

पंखा आला तो 2006 च्या पुढं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीनं घडलेली 'ऊर्जा' शेगडी महाराष्ट्रातही विकली गेली. सगळीकडच्या मिळून अशा सुमारे 4 लाख शेगड्या खपल्या. तिच्यात बॅटरीवर चालणारा छोटा पंखा होता आणि जळण म्हणून शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबलेल्या गोळ्या. पुढं गोळ्या महागल्या आणि बऱ्याच घरांत ती शेगडी कोपऱ्यात गेली. 2016 मध्ये उज्ज्वला योजनेचा गॅस आला. तरी पाणी तापवायला आणि भाकरीला चूल पेटतेच, हे तुम्हाला आम्ही वेगळं सांगायला नको.

आता आमच्या गटाची गोष्ट. आम्ही अंतर्गत कर्जातून 14 पंख्याच्या शेगड्या घेतल्या होत्या, बारीक लाकूड घालायच्या. पहिला उन्हाळा छान गेला. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत 9 बंद पडल्या. विकणारा फोन उचलेना. हप्ते मात्र चालूच. बैठकीत एक काकू म्हणाल्या, "बंद शेगडीचा हप्ता मी का भरू?" उत्तर आमच्याकडे नव्हतं. गट फुटायची वेळ आली होती.

शेवटी एक शेगडी आम्ही बाजारच्या दिवशी घिसाडी मावशींकडे नेली. त्यांनी ती उलटी केली, बोट आत घातलं आणि म्हणाल्या, "अगं, भात्याचं नाकच बुजलंय. वारा आत येणार कुठून?" पंख्याच्या जाळीवर राख आणि काजळीचा थर होता. आम्ही शेगडी भिंतीला आणि मातीला चिकटवून ठेवत होतो.

त्या दिवसापासून आम्ही उघडून बघायला शिकलो. शेगडी पूर्ण गार करायची, चार्जरची पिन काढायची. पात्याला बोटानं ढकलायचं. अडखळलं तर कोरड्या ब्रशनं राख झाडायची आणि मधल्या स्टिकरखाली शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडायचा. गोडेतेल नको, ते चिकट होऊन बसतं. पातं मोकळं फिरतंय पण पंखा चालत नाही, तर त्याच्या वायरी थेट चांगल्या बॅटरीला लावून बघायच्या, लाल वायर अधिक टोकाला. उलट्या लावल्या तर चांगला पंखाही फिरत नाही. थेट लावल्यावर फिरला, तर दोष बटणात, जोडात किंवा जुन्या बॅटरीत. पंखा पुन्हा बसवताना वारा जाळाकडे जातोय ना, हे कागदाचा कपटा धरून पाहायचं.

9 पैकी 5 शेगड्या नुसत्या साफसफाईनं आणि तेलानं चालू झाल्या. दोघींच्या वायरीचा जोड उष्णतेनं सुटला होता. स्वयंपाक झाल्या झाल्या पंखा बंद केला की निखाऱ्याची धग त्याच्याकडेच उतरते, म्हणून आता निखारे विझेपर्यंत आम्ही तो मंद चालू ठेवतो. उरलेल्या दोन शेगड्यांच्या बॅटऱ्या महिनोन्‌महिने उतरलेल्याच राहून मेल्या होत्या. त्या नव्या घ्याव्या लागल्या. त्याचा खर्च गटानं वाटून घेतला आणि काकूंनी हप्ता भरला.

मैत्रिणींनो, मगन चुलीपासून आजवर आपल्यासाठी चुली पुष्कळांनी केल्या. बिघडल्यावर ती कोण उघडणार, हे मात्र आपल्याला क्वचितच कोणी विचारलं. आता आमच्या गटात कोणतंही यंत्र घ्यायच्या ठरावाआधी हाच प्रश्न विचारला जातो, आणि दोन नावं वहीत लिहिल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही. तुमच्याही घरात एखादी शेगडी माळ्यावर पडली असेल. आज संध्याकाळी ती खाली काढा आणि तिचं नाक बुजलंय का, ते आधी बघा.