लोकरीच्या सुया आणि माशांची टाकी : छोट्या घरात दोन्ही छंद कसे सांभाळायचे?

गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या घरांत जागेची अडचण नवी नाही. जुन्या बीडीडी चाळीतली खोली जेमतेम 160 चौरस फुटांची. अशा घरात लोकरीची पिशवी आधीपासून असते. मग मुलांच्या हट्टापायी बरणीत दोन मासे येतात, बरणीची टाकी होते, एका टाकीच्या दोन होतात आणि अर्धा विणलेला स्वेटर कपाटावर पडून राहतो.

दोन्ही छंद एकत्र चालतात का? हो, चालतात. फक्त एक लक्षात ठेवायचं : विणकाम महिनाभर थांबलं तरी बिघडत नाही, मासे थांबत नाहीत. म्हणून आधी टाकीची कामं ठरवायची आणि विणकाम त्याभोवती बसवायचं.

माशांचा छंद एवढा वाढतो कसा?

मुंबईकरांना माशांचं वेड जुनंच. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झालं. घरी मात्र सुरुवात बहुधा गप्पी माशांपासून होते. डासांच्या अळ्या खातात म्हणून मुंबई महापालिकाही हे मासे वापरते. गप्पीची मादी अंडी न घालता थेट पिल्लं देते, साधारण दर महिन्याला. एकदा नराशी संबंध आला की पुढच्या अनेक वेळा ती नराशिवायही पिल्लं देऊ शकते. त्यामुळे वाढ रोखायची असेल तर फक्त नर पाळा. तेच जास्त रंगीत असतात!

टाकी किती मोठी घ्यावी?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे 54 लिटर पाणी मावतं. काच आणि खडी धरून वजन साधारण 70 किलो, म्हणजे एक मोठा माणूस कायमचा एका जागी उभा. तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच टाकी मात्र 200 किलोंच्या वर जाते. लाकडी तुळयांच्या जुन्या चाळीत असं वजन खोलीच्या मध्यभागी ठेवू नका. भिंतीलगत ठेवा आणि मोठी टाकी घेण्याआधी जाणकाराला विचारा. लहान घराला दोन फुटी टाकी पुरे.

टाकी आणली की लगेच मासे सोडायचे का?

नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी टाकी भरून मासे सोडले तर ते मरतात आणि नवशिके नेमके इथेच हिरमुसतात. हे आठवडे विणकामाला द्या. बाळाचं टोपडं आणि पायमोजे तेवढ्यात आरामात होतात.

आठवड्याचं गणित

- रोज : दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं द्या. उरलेलं खाणं कुजून पाणी बिघडवतं.
- आठवड्यातून एकदा : पाव टाकी पाणी बदला. दोन फुटी टाकीला एक बादली पुरते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून बादली एक दिवस आधी भरून ठेवा किंवा क्लोरीन घालवणारे थेंब वापरा. बादलीवर विरळ कापड बांधा, नाहीतर त्यातच डास होतील.
- विणकाम : टाकीच्या कामासाठी उठताना ओळ पूर्ण करूनच सुया ठेवा आणि ओळीचा आकडा कागदावर लिहा. मध्येच ठेवलं तर टाके निसटतात. लोकलच्या प्रवासातही विणता येतं, तेव्हा घरातला वेळ माशांना द्या.

लोकर आणि टाकी शेजारी ठेवताना

टाकीतल्या पाण्याची सतत वाफ होते. पावसाळ्यात तर शेजारच्या लोकरीला कुबट वास येतो. लोकर झाकणाच्या डब्यात, टाकीपासून लांब ठेवा. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्यांऐवजी सुकवलेला कडुलिंबाचा पाला कापडात बांधून ठेवा. डांबरगोळ्यांतलं नॅफ्थॅलीन माशांना विषारी असतं. डासांचा फवारा त्याहून घातक, कारण हवेचा पंप खोलीतली हवाच पाण्यात सोडतो. पाण्यात हात घालण्याआधी ते साध्या पाण्याने धुवा आणि नंतर कोरडे करूनच लोकरीला लावा.

वीज गेली तर?

12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईची वीज काही तास गेली होती. अशा वेळी फिल्टर आणि पंप बंद पडतात आणि गर्दीच्या टाकीत प्राणवायू आधी संपतो. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात ठेवा. तो नसेल तर मगने टाकीतलंच पाणी थोड्या उंचीवरून परत ओता आणि तोवर खाणं देऊ नका.

मासे जास्त झाले तर?

तलावात, विहिरीत किंवा नाल्यात सोडू नका. टाकीतले सकरसारखे मासे बाहेर पसरून स्थानिक माशांच्या मुळावर उठतात. ओळखीच्यांना द्या किंवा दुकानदाराला परत घेण्याबद्दल विचारा. आणि दुसरी टाकी घ्यायचा मोह झाला, तर एकच करा : आधी सुयांवरचा स्वेटर पूर्ण करा. तो होत नसेल, तर नव्या टाकीलाही वेळ मिळणार नाही, हे समजून जा.