लॉ कॉलेज रोडवरचा मुका दंगा

शेठ आणि शेठाणी गाढ झोपलेत. बाळकृष्ण पावलं न वाजवता खोलीत शिरतो, शेठच्या दाढीची शेठाणीच्या केसांशी गाठ मारतो. दोघं जागे झाल्यावर काय होतं ते सांगायला एकही शब्द लागत नाही. दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटातला हा प्रसंग १९१९चा. कृष्ण झाली होती त्यांचीच लेक मंदाकिनी.

कथा सुरू होण्याआधीच फाळके या पोरीचा नुसता चेहरा दाखवतात. त्यावरून एकामागून एक भाव सरकत जातात. जणू आधी बजावून ठेवतात, पुढे पाट्या फार वाचू नका, हिच्याकडे बघा! यमुनेच्या डोहातल्या नागाशी झुंज हे चित्रपटाचं मोठं आकर्षण, ट्रिक सीन म्हणून अभ्यासकही तिथंच थांबतात. खरी गंमत मात्र आधीच्या खोड्यांत आहे. अंगावर पाणी उडवणाऱ्या बाईचा सूड म्हणून तिच्याच घरातलं लोणी लंपास करणारी पोरं आजही हसवतात. कॅमेरा लांब, एका जागी उभा. त्यामुळे पळणारे पाय आणि मागून येणारा मार, दोन्ही एकाच चौकटीत दिसतात. पडण्याधडपडण्याच्या विनोदाला एवढं अंतर लागतंच. नेमका पडताना नुसता चेहरा दाखवला की हसू गेलं.

हा चित्रपट आज पाहता येतो तो पुण्यामुळे. लॉ कॉलेज रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४मध्ये सुरू झालं, आणि तिथले पी. के. नायर फाळक्यांचे रोल शोधत नाशिकला गेले. हाती आले ते सुटे तुकडे. फाळक्यांच्या घरच्या वहीतल्या नोंदी पाहत त्यांनी क्रम जुळवला. मूळ सुमारे ६,००० फुटांतले जवळपास ४,४०० फूट उरलेत. हे थोडकं नाही. त्या काळातली नायट्रेटची फिल्म ठिणगीसरशी पेटते. जानेवारी २००३मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली, तेव्हा प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या ठेव्यासह बरंच काही जळून गेलं.

फिल्म इन्स्टिट्यूट याच रस्त्यावर. १९३३मध्ये कोल्हापूरहून आलेल्या प्रभातच्या स्टुडिओत ती १९६०मध्ये सुरू झाली, १९७४मध्ये दिल्लीहून दूरदर्शनचं प्रशिक्षणही तिथंच आलं. सत्तरच्या दशकात तिथं छायाचित्रण शिकून बाहेर पडलेल्यांपैकी एक बी. पी. सिंग. पुढे ‘सीआयडी’ मालिकेत इन्स्पेक्टर दयाकडून वर्षानुवर्षं दारं फोडून घेतली ती यांनीच.

मालिकांमधल्या सासवा-सुनांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती, त्या काळात याच सिंगांनी संवादच नसलेली मालिका काढली. ‘गुटर गू’ ५ मार्च २०१० रोजी सब टीव्हीवर सुरू झाली. दिग्दर्शन प्रबल बरुआ यांचं. एका घरातल्या माणसांचे घोळ, पार्श्वसंगीत, तोंडानं काढलेले हुंकार, बस्स. मोठ्यांना मध्येच काही कळेनासं झालं तरी चालेल, पोरांना भाषेची अडचण नव्हती. ब्रिटिश ‘मिस्टर बीन’नं १९९०पासून हा धडा जगभर घालून दिला होताच, पण बीन एकटा असतो, इथं अख्खं कुटुंब मुकं. लिहिणाऱ्याचं काम त्यानं सोपं होत नाही. एखादा विनोद फसला की पुढच्या वाक्यानं सावरून घ्यायची सोयच उरत नाही, सगळा भार टायमिंगवर.

त्या घरातली आई झाली होती भावना बलसावर. शुभा खोटे यांची ही मुलगी, म्हणजे मूकपटांत काम केलेल्या नंदू खोट्यांची नात. योगायोगच, पण मालिकेला भलताच शोभणारा.

२०१८च्या डिसेंबरात सिंग पुण्याच्या त्याच संस्थेचे अध्यक्ष झाले. बातम्यांत त्यांची ओळख करून दिली गेली ती मात्र ‘सीआयडी’वाले म्हणूनच.