पाच मिनिटांची कुदळ

पोलीस भरतीच्या १६०० मीटरमधले पहिले दोन राऊंड सगळीच पोरं सहज काढतात. चौथ्या राऊंडला मान मागे पडते, मुठी आवळल्या जातात, पावलं आपटायला लागतात. वर्ध्यात मी या पोरांचा सराव घेतो. "सर, दम संपल्यावर पळायचं कसं?" असं कुणी विचारलं की मी जवळच्याच पवनार गावचा इतिहास सांगतो.

१९३८ साली विनोबा भावे बेचाळीस वर्षांचे होते आणि वजन होतं ८८ पौंड, म्हणजे जेमतेम चाळीस किलो. त्याआधी वर्ध्याजवळच्या नालवाडीत त्यांनी कातणाऱ्याच्या मजुरीवरच जगायचं ठरवलं होतं. रोज तासन् तास सूतकताई चाले. एक हात भरून आला की दुसऱ्या हाताने कातायचं, बसून पाठ धरली की उभं राहायचं. काम थांबत नसे, पण थकलेल्या अवयवाला विसावा मिळे. त्या मजुरीत पोट मात्र पुरेसं भरत नव्हतं आणि प्रकृती ढासळली. गांधीजींना काळजी लागली. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याऐवजी विनोबांनी पवनार निवडलं. धाम नदीच्या काठी उद्योगपती जमनालाल बजाजांचा बंगला होता, तिथे ते राहायला आले. येताना नदीवरचा पूल ओलांडताना त्यांनी सगळ्या कामांचा, सगळ्या चिंतांचा मनोमन त्याग केला.

मग त्यांनी कुदळ हाती घेतली. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटं खणलं. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. अशी भर घालत काम तासांवर गेलं. खणतानाही सलग घाव नव्हते. मधूनच काही सेकंद थांबायचं, श्वास जागेवर आला की पुन्हा घाव. वर्षभराच्या आत वजन १२८ पौंडांवर गेलं.

याच माणसाने छप्पन्नाव्या वर्षी, १९५१ साली, भूदानासाठी, म्हणजे भूमिहीनांसाठी जमिनीचं दान मागत, पायी देश पालथा घालायला घेतला. पहाटे अंधारात निघायचं आणि त्या दिवसाचा मुक्काम गाठायचा. एवढा देश एकदम डोळ्यांसमोर ठेवला असता तर पाय उचलला नसता. १९६४ साली ते पवनारला परतले तेव्हा तेरा वर्षं झाली होती.

पोरांना मी यातलं तेवढंच देतो, जे मैदानावर उपयोगी पडतं. रेषेवर येताना घरची, निकालाची चिंता मागे ठेवा. चौथा राऊंड पूर्ण बघू नका. पुढचं वळण बघा, ते आलं की त्यापुढचं. मुठी सोडा, खांदे खाली घ्या, म्हणजे पायांच्या वाट्याची ताकद हातांत जिरत नाही. श्वास पावलांवर मोजा. मन मोजण्यात गुंतलं की थकव्याची तक्रार ऐकायला त्याला सवड उरत नाही. छातीत कळ आली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर मात्र तिथल्या तिथे थांबा, तिथे जिद्द दाखवायची नसते.

शेवटच्या राऊंडचं बळ शेवटच्या राऊंडला येत नाही, ते रोजच्या थोड्या भरीतून साठतं. उद्या सराव सुरू करणार असाल तर पाच मिनिटांनीच करा, आणि परवा एखाद-दोन मिनिटं वाढवा.