टक्के कोणत्या मातीचे?

मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर जितका महाग तितका अचूक, हे मत आता ठिबकाच्या दुकानापासून कृषी प्रदर्शनापर्यंत सगळीकडे रुळले आहे. तो कारखान्यातून कॅलिब्रेट होऊनच येतो. शेतात रोवायचा आणि मोबाइलवर दिसतील त्या टक्क्यांवर पाणी सोडायचे, एवढेच शेतकऱ्याचे काम, असे सांगितले जाते. आपल्या भारी काळ्या जमिनीपुरते तरी हे मत टिकत नाही.

आधी या पूर्वपक्षाला त्याचे श्रेय द्यायला हवे, कारण त्याच्या मुळाशी भक्कम भौतिकशास्त्र आहे. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे ८०, कोरड्या खनिज मातीचा ३ ते ५ आणि हवेचा १. त्यामुळे मातीत पाणी थोडे वाढले तरी मिश्रणाचा स्थिरांक ठळकपणे वाढतो, आणि तो मोजला की पाणी मोजल्यासारखेच झाले. १९८० साली कॅनडातील टॉप, डेव्हिस आणि ॲनन यांनी टीडीआर (टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्री) पद्धतीने वेगवेगळ्या पोतांच्या खनिज माती तपासल्या आणि स्थिरांकावरून ओलावा काढणारे एकच समीकरण दिले. मातीचा पोत, घनता, क्षार यांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. ‘सर्व मातींना एकच सूत्र’ ही आजची श्रद्धा तिथून आली. मात्र त्याच निबंधात सेंद्रिय मातीसाठी वेगळी वक्ररेषा काढावी लागली होती, हे पुढे सूत्र वापरणाऱ्यांच्या लक्षात राहिले नाही.

शिवाय ते सूत्र टीडीआरसाठी होते, म्हणजे अतिशय उच्च वारंवारतेच्या स्पंदांसाठी. आज बाजारात विकले जाणारे बहुसंख्य सेन्सर कपॅसिटन्स तत्त्वावर, त्याहून बऱ्याच कमी वारंवारतेवर चालतात. तिथे मातीतून वाहणारी वीज मापनात मिसळते, आणि चिकणमातीचे कण व विरघळलेले क्षार ती वाहून नेतात. काळ्या मातीतल्या स्मेक्टाइट गटाच्या खनिजांचा पृष्ठभाग प्रचंड असतो. त्याला घट्ट चिकटलेले पाणी मोकळ्या पाण्यासारखे वागत नाही, त्याचा स्थिरांक बराच कमी भरतो. म्हणजे एक कारण आकडा वर ढकलते, दुसरे खाली ओढते. कोणते जिंकेल हे वारंवारता, तापमान, क्षार आणि ओलावा ठरवतात. कारखान्यात बसून ते ठरवता येत नाही.

माहितीपत्रकातला ‘अधिक-उणे ३ टक्के’ हा दावा खरा मानला, तरी तो किती मोठा आहे हे पाहा. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या ५६ क्रमांकाच्या सिंचनविषयक पुस्तिकेत चिकणमातीची जलधारणा, म्हणजे निचरा झाल्यावर मातीत उरणारे पाणी, आकारमानाने ३२ ते ४० टक्के आणि पीक कायमचे कोमेजण्याची पातळी २० ते २४ टक्के दिली आहे. मधला भाग साधारण १४ टक्क्यांचा, आणि पिकाला मिळणारे सगळे पाणी त्यातच. अधिक-उणे ३ म्हणजे त्यातला ६ टक्क्यांचा पट्टा संशयात गेला. ३० सेंटिमीटर थरात ३ टक्के म्हणजे ९ मिलिमीटर, एकरी सुमारे ३६ हजार लिटर पाणी. अनेक माहितीपत्रकांत हा दावा सर्वसाधारण खनिज मातीपुरता असतो आणि अधिक अचूकतेसाठी त्या-त्या मातीत कॅलिब्रेशन करा, असेही लिहिलेले असते. विकणारा ती ओळ वाचून दाखवत नाही.

त्याच पुस्तिकेत वाळूमिश्रित हलक्या जमिनीची जलधारणा ११ ते १९ टक्के आहे. म्हणजे पडद्यावरचे ‘२२ टक्के’ हलक्या रानात पाणी निथळत असल्याची खूण, तर काळ्या रानात पीक मरणाच्या उंबरठ्यावर असल्याची. आकडा तोच आणि सेन्सर निर्दोष असला, तरी सल्ला उलटा होतो. आपल्या मातीची ही दोन टोके, जलधारणा आणि कोमेजण्याची पातळी, माहीत नसतील तर टक्के कितीही अचूक असले तरी पाण्याचा निर्णय त्यांच्यावरून घेता येत नाही. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, सामू, क्षारता अशा बारा बाबी असतात. जलधारणा त्यांत नाही.

आता दुसरा पक्ष. स्वस्त सेन्सर हौसेने जोडणारे तरुण कॅलिब्रेशन करतात, पण कसे? सेन्सर हवेत धरला तो शून्य टक्के, ग्लासभर पाण्यात बुडवला तो शंभर, मधे सरळ रेषा. अगदी वाळवलेल्या मातीचाही स्थिरांक हवेच्या तिप्पट-चौपट असतो, म्हणून माती कधी शून्य दाखवणारच नाही. काळी माती पूर्ण भिजली तरी तिच्या आकारमानाचा साधारण निम्मा भागच पाण्याचा असतो, म्हणून शंभरही येणार नाही. आणि मधली रेषा सरळ नसते, वळणदार असते. या टक्क्यांना मातीतल्या पाण्याशी कसलेच निश्चित नाते नाही.

प्रयोगशाळेची प्रचलित रीत अधिक शास्त्रीय आहे: माती वाळवायची, चाळायची, ठरलेल्या घनतेने बादलीत दाबायची, मोजून पाणी घालत वाचने घ्यायची. वाळूमिश्रित मातीला ती चालते. काळी माती मात्र भिजली की फुगते, सुकली की आक्रसते. ओली असताना एका घनसेंटिमीटरमध्ये कोरडी माती सुमारे १.२ ते १.३ ग्रॅम, सुकलेल्या ढेकळात १.६ च्याही पुढे. बादलीत एकच घनता धरून काढलेली वक्ररेषा अशा जमिनीला कशी लागू होणार? शेतात तर सेन्सरच्या दांड्याशेजारीच भेग पडते. भेगेत हवा, म्हणून आकडा अचानक कोरडा. पाणी सोडताच ते आधी भेगेत उतरते, म्हणून आकडा अचानक ओला, आणि ढेकूळ आतून कोरडेच. या आकड्यावर चालणारा स्वयंचलित व्हॉल्व्ह वेळेआधी बंद होतो.

मग करावे काय? सेन्सर वाफशावर बसवावा; ओल्या चिखलात नाही, कोरड्या भेगाळ जमिनीत तर नाहीच. छोटा खड्डा घेऊन त्याच्या न हललेल्या भिंतीत दांडे आडवे, घट्ट दाबावेत. सोबत मातीची राड भरू नये, कारण ती सुकताना स्वतःच आक्रसते. मग हंगामभर, पाणी दिल्यानंतर ते पुढची पाळी येईपर्यंतच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर, सेन्सरजवळून धातूच्या कडीने त्याच खोलीचे नमुने घ्यावेत. ५ सेंटिमीटर व्यासाची आणि तेवढ्याच उंचीची कडी ९८ घनसेंटिमीटरची. समजा ओली माती १७० ग्रॅम भरली आणि १०५ अंश सेल्सिअसला २४ तास ओव्हनमध्ये ठेवल्यावर १२७ ग्रॅम. पाणी ४३ ग्रॅम. वजनाने ते ३४ टक्के, आकारमानाने ४४. सेन्सर आकारमानाचे टक्के सांगतो, बऱ्याच प्रयोगशाळा वजनाचे, आणि या दोहोंची गल्लत झाली तर चांगला सेन्सर विनाकारण बदनाम होतो. प्रत्येक नमुन्याची घनता त्याच कडीतून मिळते, म्हणून फुगणे-आक्रसणे हिशेबात आपोआप येते. कोरडे-ओले मिळून आठ-दहा बिंदू मिळाले की त्या जमिनीची स्वतःची रेषा तयार होते.

ओव्हन नसेल तरी सेन्सरची सलग नोंद पुष्कळ सांगते. भरपूर पाणी दिल्यावर आलेख आधी घसरतो, हा निचरा. भारी जमिनीत दोन-तीन दिवसांनी घसरण मंदावते, तिथे वरचे टोक. पुढे दिवसा उतार, रात्री सपाट अशा पायऱ्या दिसतात. मुळे पाणी ओढत असल्याची ती खूण. हवामान तेच असूनही पायऱ्या लहान होऊ लागल्या, तर पिकाला ओलावा ओढणे जड जात आहे, आणि पाण्याची पाळी त्याच्या आधी यायला हवी. उथळ सेन्सरमध्ये तापमानही रोजची लाट उमटवते, म्हणून हे वाचन २० सेंटिमीटरखालच्या सेन्सरवर करावे. या रीतीला खरा टक्का लागतच नाही. सेन्सर स्वतःशी सुसंगत असला की पुरे. म्हणूनच, माझ्या मते, एका महाग सेन्सरपेक्षा नीट बसवलेले दोन-तीन मध्यम सेन्सर अधिक उपयोगाचे. प्रत्येक सेन्सर ओंजळभर मातीच पाहतो, आणि ठिबकाच्या तोटीपासून थोडे सरकले की ओंजळ बदलते.

निवडीचा मूळ प्रश्न वेगळाच आहे: पाणी किती आहे हे हवे, की मुळाला ते किती जोर लावून ओढावे लागते हे हवे? दुसरे हवे असेल तर ताण मोजणारी साधने, म्हणजे टेन्शिओमीटर किंवा जिप्समचा ठोकळा. मुळाला जाणवतो तो ताण, म्हणून त्याची मर्यादा एका मातीतून दुसरीत बरीचशी तशीच नेता येते. टेन्शिओमीटर सुमारे ८० किलोपास्कलपर्यंतच चालतो. हलक्या जमिनीत पिकाचे बहुतेक पाणी या कक्षेत येते, भारी जमिनीत निम्म्याहून कमी. सतत ओलसर ठेवलेल्या ठिबकाच्या द्राक्षबागेला तो योग्य. पाळीने पाणी मिळणाऱ्या काळ्या रानातल्या उसाला अपुरा. बोयोकोस आणि मिक यांनी १९४० मध्ये मांडलेला जिप्सम ठोकळा कोरड्या बाजूला चांगला बोलतो, ओल्या बाजूला मंद असतो आणि काही हंगामांत विरघळतो. जुना म्हणून तो टाकाऊ ठरत नाही.

सांगली-कोल्हापूरच्या क्षारपड पट्ट्यात तर कारखान्याचे कॅलिब्रेशन सर्वांत घातक. क्षारामुळे कपॅसिटन्स सेन्सर माती आहे त्याहून ओली दाखवतो. टेन्शिओमीटरला क्षारांमुळे वाढलेली ओढ कळतच नाही, म्हणून पीक त्याच्या आकड्यापेक्षा अधिक त्रासात असते. अशा रानात सेन्सरसोबत मातीची विद्युतवाहकता दर हंगामी मोजल्याशिवाय कोणताही आकडा स्वीकारू नये.

शेवटचा आक्षेप खर्चाचा: एवढे कॅलिब्रेशन शेतकऱ्याला परवडेल का? एकेकट्याने करायचे तर नाही. पण ते दर शेताचे काम नाही, मातीच्या दर प्रकाराचे आहे. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेने मातीच्या मालिका ओळखून नकाशे केलेले आहेत. कृषी विज्ञान केंद्राने किंवा साखर कारखान्याच्या माती प्रयोगशाळेने आपल्या परिसरातल्या मुख्य मालिका निवडाव्यात, प्रत्येकीची दोन टोके आणि तिथे विकल्या जाणाऱ्या सेन्सरांच्या रेषा एका हंगामात काढाव्यात आणि छापून गावोगाव लावाव्यात. त्यासाठी एक ओव्हन, एक वजनकाटा, काही कड्या आणि एका हंगामाची नियमित हजेरी लागेल. सेन्सरवर अनुदान देताना याच रेषेची अट घालता येईल: या तालुक्यातल्या काळ्या मातीतली रेषा दाखवा, मगच अनुदान मिळेल.