मिठाची मशीद

वर्गात मन्सा मूसाची गोष्ट सांगितली की मुले खूश होतात. माली देशाचा हा बादशहा १३२४ साली हजला जाताना कैरोत थांबला आणि त्याने इतके सोने वाटले की तिथे सोन्याचा भाव उतरला. सुमारे बारा वर्षांनंतरही तो सावरला नव्हता, असे अल्-उमरीने नोंदवले आहे. आपला एक बादशहा एवढा श्रीमंत होता, हे मुलांच्या लक्षात राहते. आम्हीही बरीच वर्षे तेवढेच सांगत आलो. हे सोने सहारा वाळवंट ओलांडून उत्तरेकडे जाई, तेव्हा उलट दिशेने काय येई, हे मात्र सांगायचे राहून जाई. येत होते मीठ.

याचा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा ज्याने ठेवला, तो प्रवासी आपल्या मुलखालाही अनोळखी नाही. मुहम्मद तुघलकाच्या काळात दिल्लीत काझी असलेला इब्न बतूता १३४२ च्या सुमारास दौलताबादला आला होता. मराठ्यांच्या खाण्यापिण्याविषयी त्याने लिहिले आहे. पुढे दहा वर्षांनी, १३५२ मध्ये, तो मोरोक्कोतील सिजिलमासाहून काफिल्याबरोबर निघाला आणि पंचवीस दिवसांनी तगाझाला पोहोचला. तिथली घरे आणि मशीदसुद्धा मिठाच्या चिऱ्यांची होती. वर छत उंटाच्या कातड्यांचे. झाड नाही, पाणी खारट, माश्यांचा सुकाळ. वस्ती फक्त मसूफा टोळीच्या गुलामांची. ते मीठ खणत आणि बाहेरून आलेल्या खजुरावर, उंटाच्या मांसावर आणि बाजरीसारख्या धान्यावर जगत.

एका उंटावर मिठाच्या दोन लाद्या लादत. ते ओझे वलाता गावात आठ ते दहा मिस्कालांना विकले जाई. मालीच्या राजधानीत त्याचे वीस-तीस, कधी चाळीस मिस्काल येत. ‘मिठाच्या भारोभार सोने’ ही दंतकथा इथे गळून पडते. चाळीस मिस्काल म्हणजे सुमारे १७० ग्रॅम सोने. उंटावरचे ओझे त्याच्या कितीतरी शेकडो पट जड. भाव वाढत होता तो वाटेमुळे. खणणाऱ्या गुलामाच्या हाती मात्र त्यातले काय पडत असेल?

हा प्रश्न दूरच्या वाळवंटाचा नाही. आपला मराठवाडाही समुद्रापासून लांब. इथे मीठ येई ते बैलांच्या पाठीवरून. ते आणत बंजारे, म्हणजे आपले लमाण. ‘लमाण’ हा शब्दच ‘लवण’वरून आला, असे मानले जाते. सतराव्या शतकात तावेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने धान्य आणि मीठ वाहणारे दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले होते. १८५३ नंतर रेल्वे पसरत गेली, १९०० च्या सुमारास जालन्यापर्यंत रूळ आले आणि बैलांच्या पाठीवरचे ओझे उतरले. त्याबरोबर लमाणांची रोजीही गेली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का त्यांच्यातल्या अनेकांवर बसला, तो वेगळाच.

वाटूरच्या आसपास आजही तांडे आहेत. आपल्या पणजोबांच्या भाकरीत मीठ कोणी पोहोचवले, हे आमच्या मुलांना ठाऊक नाही. कारण आम्ही ते सांगितले नाही. मन्सा मूसाचे सोने सांगावे, जरूर सांगावे. पण त्याच तासाला मिठाच्या मशिदीत नमाज पढून पुन्हा खाणीत उतरणाऱ्यांचीही आठवण काढावी. ‘नमकहलाल’ म्हणजे मीठ देणाऱ्या धन्याशी इमान, असे आपण समजतो. ते मीठ ज्याने खणले, ज्याने वाहिले, त्याच्याशी इमान राखणे हेही त्यातच येते.