गळ्यापाशी दिसणारा जोड

फोटोशॉप नव्हतं तेव्हाची गोष्ट. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्यात श्रीनाथजींपुढे एखादा ‘मनोरथ’, म्हणजे खास सेवा-उत्सव, करवला की भाविक कुटुंब त्याचं चित्र आठवण म्हणून घरी न्यायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या चित्रकारांच्या हाती कॅमेरा आला. घासीराम हरदेव शर्मा (1868–1930) हे त्यांतलं मोठं नाव.

रीत सोपी होती. फोटोतला चेहरा कात्रीने कापायचा, चित्रात चिकटवायचा, आणि खालचं हात जोडलेलं शरीर, उपरणं, साडी, दागिने ब्रशने रंगवायचे. चेहऱ्यावरही रंगाचा पातळ हात फिरवला की जोड लपतो. आमच्या भाषेत दोन लेअर मर्ज केले! पण नीट पाहिलं तर गळ्यापाशी कळतंच.

मला त्याहून नजर अडकवते. शरीर देवाकडे वळलेलं, डोळे मात्र अनेकदा आपल्याकडे. कारण फोटो काढताना समोर देव नव्हता, कॅमेरा होता. आणि चेहरे वेगवेगळ्या फोटोंतून घेता येत असल्यामुळे त्या दिवशी तिथे नसलेला माणूसही दर्शनाला उभा करता यायचा. आजी गेल्यावर तिला ग्रुप फोटोत बसवून घेणाऱ्या आपल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मुंबईतले भाटिया व्यापारीही याच पुष्टिमार्गातले. अशा घरांमधली चित्रं आता संग्रहालयांत, लिलावांत दिसतात. चेहरा इतका स्पष्ट की रस्त्यात भेटला तर ओळखू. नाव मात्र बऱ्याचदा कुठेच लिहिलेलं नसतं. घरच्यांना ते माहीतच होतं ना.